हलके रिव्हॉल्व्हर, आखूड नळी आणि हाताला बसणारा धक्का

यवतमाळ जिल्ह्यात आर्णीकडे राहणाऱ्या एका ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. पतीच्या निधनानंतर त्या स्वतः कृषी केंद्र सांभाळतात. खरिपाच्या तोंडावर बियाण्या-खतांची आणि कापूस विकला गेल्यावर उधारीच्या वसुलीची रोकड घेऊन त्यांना बरेचदा सांजवेळी एकटीने गावी परतावे लागते. रीतसर परवाना मिळाल्यावर त्यांनी ‘बायकांच्या हाताला हलकेच बरे’ या सल्ल्यावरून ०.३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप, इंचांत), टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर घेतले. आता त्यांचे म्हणणे असे की प्रत्येक बाराला हात उडतो, अंगठ्याच्या मुळाशी कातडी दुखते आणि पाच मीटरवरच्या कागदावरही गोळ्या खाली-डावीकडे जातात. हे शस्त्र विकून जड घ्यावे का, आणि तोवर ते जवळ बाळगायचे तर पर्समध्ये ठेवलेले चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, शस्त्र विकण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या लिहिण्यातली सर्वांत मोलाची माहिती म्हणजे गोळ्या खाली आणि डावीकडे जातात ही. रिव्हॉल्व्हरचा धक्का नळीचे तोंड वर उचलतो, खाली दाबत नाही. त्यामुळे गोळी खाली गेली असेल तर तो दोष शस्त्राच्या धक्क्याचा असू शकत नाही. धक्का येणार हे ठाऊक असल्यामुळे तुमचा हात त्याला आधीच खाली दाबून धरायला गेला, त्याचा तो परिणाम आहे. उजव्या हाताने गोळी चालवणाऱ्या नवशिक्यांच्या कागदावर खाली-डावीकडचा हा पुंजका इतक्या नेमाने दिसतो की कागद पाहिल्यावर मला बहुधा दुसरे काही विचारावे लागत नाही. यावर उपाय आहे आणि त्याला फारसा खर्चही येत नाही; मात्र त्यासाठी आधी धक्का म्हणजे नेमके काय हे समजून घ्यावे लागेल.

०.३२ बोअरच्या काडतुसातील गोळी सव्वासहा ग्रॅमच्या आसपास असते आणि आखूड नळीतून ती सेकंदाला साधारण २०० मीटर वेगाने सुटते. जेवढा जोर गोळीला पुढे मिळतो, तेवढाच शस्त्राला मागे मिळतो, आणि हा जोर सोसायला शस्त्रात वजन जितके कमी, तितक्या वेगाने ते मागे येते. हिशोब केला तर तुमचे ५०० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर त्याच काडतुसाच्या ७०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा सुमारे ४० टक्के अधिक ऊर्जेने हातावर आदळते. हा फरक हाताला निश्चित जाणवतो. पण त्याच हिशोबात आणखी एक गोष्ट दिसते, जी मला अधिक महत्त्वाची वाटते. गोळी ७५-७६ मिलिमीटरच्या नळीतून बाहेर पडेपर्यंत शस्त्र जेमतेम एक मिलिमीटर मागे सरकलेले असते. हाताला जाणवणारी सगळी उसळी गोळी निघून गेल्यानंतरची आहे. धक्क्यामुळे हात दुखेल, दुसरा बार साधायला वेळ लागेल, परंतु पहिली गोळी कुठे लागावी हे चाप ओढणारे बोट आणि मूठ यांनी आधीच ठरवलेले असते.

मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ पाहून तुमच्या मनात भीती बसली असेल, असे तुमच्या शब्दांवरून वाटते. ती बाजू नीट पाहू. अमेरिकेत आखूड नळीच्या खिशातल्या रिव्हॉल्व्हरची परंपरा जुनी आहे. कोल्ट कंपनीचे ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ १९२७चे आणि स्मिथ अँड वेसनचे ‘चीफ्स स्पेशल’ १९५०चे. पुढे पोलादाच्या जागी ॲल्युमिनियमचे, मग टायटॅनियम आणि स्कँडियमच्या मिश्रधातूंचे सांगाडे आले आणि ३५० ग्रॅमच्या आतबाहेर वजनाच्या शस्त्रातून ०.३५७ मॅग्नमसारखे जबर काडतूस चालवता येऊ लागले. त्या जोडीचा धक्का तुमच्या शस्त्राच्या धक्क्याच्या दहापटीच्या आसपास जातो, आणि तिथल्या अनुभवी माणसांनाही तो नकोसा होतो. त्यांच्या साध्या ०.३८ बोअरच्या हलक्या शस्त्राचा धक्काही तुमच्यापेक्षा तीन-चार पट असतो. आपल्याकडे ०.३८ हा प्रतिबंधित बोअर असल्यामुळे सामान्य परवानाधारकाच्या हातात ०.३२ येतो, आणि काडतूस म्हणून तो सौम्य आहे. तेव्हा मनगट मोडते, हाडे हादरतात अशा ज्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील, त्या तुमच्या शस्त्राच्या नाहीत.

‘बायकांसाठी हलके’ या सल्ल्याबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचे आहे. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने जानेवारी २०१४ मध्ये ‘निर्भीक’ आणले, तेव्हा ते महिलांच्या आत्मसंरक्षणाचे शस्त्र म्हणूनच लोकांपुढे ठेवले गेले. वजन सुमारे ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या घरात आणि सांगाडा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा. टायटॅनियमची घनता पोलादाच्या जेमतेम ५७ टक्के असल्यामुळे वजन खरोखर उतरते आणि शस्त्र दिवसभर अंगावर बाळगायला सुखाचे होते. पण वजन कमी झाले की धक्का वाढतो, हे विकताना फार थोडे लोक सांगतात. ज्या व्यक्तीचा हात लहान आहे, पंजाची ताकद कमी आहे आणि सरावाची संधी थोडी आहे, तिच्या हाती सगळ्यांत जास्त उसळणारे शस्त्र द्यायचे आणि ते तिच्या सोयीचे आहे असे सांगायचे, हा सल्ला मला मुळातूनच चुकीचा वाटतो. हलके शस्त्र बाळगायला सोपे आणि चालवायला अवघड असते. ते घेऊ नये असे नाही. पण घेणाऱ्याला ही देवघेव आधी कळली पाहिजे.

आता तुमच्या बाबतीत दोष कुठे आहे हे पक्के ठरवण्यासाठी रेंजवर एक साधी चाचणी करा. पाच मीटरवर कागद लावा, घोडा, म्हणजे काडतुसावर आदळणारा मागचा खटका, अंगठ्याने मागे ओढून चढवा आणि मग चाप हलकेच दाबून पाच गोळ्या मारा. दुसऱ्या कागदावर घोडा न चढवता, नुसता चाप पूर्ण ओढून पाच मारा. काडतूस तेच, शस्त्र तेच, म्हणजे धक्का दोन्ही वेळा अगदी सारखा. पहिल्या कागदावर पुंजका आवळलेला आणि दुसऱ्यावर विखुरलेला आला, तर तुमची अडचण धक्क्याची नसून चाप ओढण्याची आहे. दोन्ही कागदांवर गोळ्या सारख्याच भरकटल्या, तर अडचण भीतीची, आणि त्यातही बहुतेकदा आवाजाच्या भीतीची आहे. आखूड नळीच्या तोंडाशी होणारा स्फोट कानाला लांब नळीपेक्षा अधिक झोंबतो, आणि मन त्या आवाजालाच धक्का समजू लागते. अशा वेळी कानात बोळे आणि त्यावर इयरमफ अशी दुहेरी सोय केली की काही जणांचा निम्मा धक्का तिथेच नाहीसा झालेला मी पाहिला आहे. डोळ्यांना चष्मा हवाच, हे वेगळे सांगत नाही.

माझा अंदाज पहिल्या शक्यतेकडे झुकतो, त्यामुळे चापाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. घोडा न चढवता गोळी चालवताना एकाच ओढीत सिलिंडर (काडतुसांची घरे असलेला गोल भाग) फिरतो, घोडा मागे जातो आणि सुटतो. या कामासाठी लहान रिव्हॉल्व्हरच्या चापाला साधारण साडेचार-पाच किलोचा ताण द्यावा लागतो. शस्त्र अर्धा किलोचे आणि बोटाचा जोर त्याच्या नऊ-दहा पट, हे प्रमाण लक्षात घेतले की गोळी का भरकटते हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जड शस्त्र स्वतःच्या वजनाने थोडे तरी स्थिर राहते. हलक्या शस्त्राला स्थिर ठेवणारी गोष्ट फक्त तुमची मूठ असते. चाप ओढताना बोटाबरोबर संपूर्ण पंजा आवळला गेला तर नळीचे तोंड खाली वळते, आणि बोट सरळ मागे न येता तिरपे आले तर ते डावीकडे जाते.

एवढ्या ताठ चापाला बोटाचे टोक पुरत नाही. पहिल्या पेराच्या सांध्याजवळचा भाग चापावर येऊ द्या, म्हणजे बोटाला बळ मिळेल. ओढ सुरू झाली की ती मध्ये थांबवू नका. सिलिंडर जागेवर बसल्याचा बारीकसा टक् असा स्पर्श बोटाला जाणवतो आणि तिथे थांबून नेम पुन्हा जुळवण्याचा मोह बहुतेकांना होतो. तो टाळावा, कारण थांबलेले बोट पुढची ओढ नेहमी झटक्याने पूर्ण करते. एकसारख्या वेगाने चाप मागे येऊ द्यावा, नजर पुढच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या उंचवट्यावर, ठेवावी, आणि बार झाल्यावरही क्षणभर चाप मागेच धरून माशी वर उचलून पुन्हा खाली येताना पाहावी. ज्याला बार होताना माशी उचललेली दिसली, त्याचे डोळे मिटले नव्हते. आणि डोळे मिटले नाहीत तर भीतीही बहुतांशी गेलेली असते.

मुठीची बाजू चापाइतकीच महत्त्वाची आहे. रिव्हॉल्व्हरची नळी मुठीच्या बरीच वर असते, त्यामुळे धक्का सरळ मागे न येता वर गोल फिरतो. हात जितका खाली, तितके हे फिरणे जास्त. म्हणून अंगठा आणि तर्जनी यांच्यामधले बेचके मुठीच्या मागच्या कण्यावर जाईल तितके वर बसवा, फक्त घोडा मागे येताना कातडी त्यात सापडणार नाही एवढी जागा सोडा. तुमच्या अंगठ्याच्या मुळाशी जे दुखते, त्याचे कारण मला वाटते ते असे की तुम्ही मूठ खाली आणि सैल धरता. बार झाल्यावर शस्त्र हातात फिरते आणि मुठीचा कणा कातडीवर आदळतो. विळ्याने ज्वारी कापणारी बाई मूठ जशी धरते, घट्ट पण बोटे पांढरी न पडतील इतपत, तशी पकड हवी, आणि ती पहिल्या बारापासून शेवटच्यापर्यंत तीच राहायला हवी. बार होण्याच्या क्षणी पकड वाढवणे हाच तर तो दोष आहे.

लहान रिव्हॉल्व्हरची मूठ अनेकदा इतकी आखूड असते की करंगळीला जागाच उरत नाही. करंगळी मुठीखाली दुमडून घ्यावी. ती हवेत तरंगती ठेवू नये. जाणकार शस्त्र-कारागिराकडून मुठीवर रबराचे किंवा लाकडाचे थोडे भरीव आवरण बसवून घेता येते, विशेषतः चापाच्या कडीमागची पोकळी भरली की मधल्या बोटाच्या पेरावर बसणारा मार थांबतो. शस्त्राच्या यंत्रणेत, स्प्रिंगमध्ये किंवा चापात मात्र कुणालाही हात घालू देऊ नका. चाप हलका करून देतो म्हणणारे लोक भेटतात. कमजोर स्प्रिंगचा घोडा काडतुसाच्या टोपीवर (दारू पेटवणाऱ्या भागावर) पुरेसा आदळत नाही आणि गरजेच्या वेळी शस्त्र नुसतेच टक् करते.

डावा हात उजव्या हाताच्या बोटांवर समोरून गुंडाळा आणि डावा अंगठा उजव्या अंगठ्यावर आडवा दाबा. पिस्तूल चालवणारे दोन्ही अंगठे पुढे सरळ ठेवतात, ती सवय इथे धोक्याची आहे. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये एक बारीक फट असते आणि प्रत्येक बाराला तिच्यातून तापलेला वायू आणि शिशाचे कण दोन्ही बाजूंना जोराने बाहेर पडतात. बोट त्या फटीशेजारी असेल तर कातडी कापली जाते. पकड बसवल्यावर शस्त्र रिकामे असतानाच दोन्ही बाजूंनी वाकून पाहा की एकही बोट सिलिंडरच्या पुढच्या कडेपर्यंत पोचत नाही. उभे राहताना पाय खांद्याएवढे फाकवून शरीराचा भार किंचित पुढे ठेवा, कोपर पूर्ण ताठ करू नका, मनगट मात्र ताठ ठेवा. एवढे पुरे आहे.

सरावाची सुरुवात बिनबाराच्या सरावाने करा, कारण त्याला काडतूस लागत नाही. घरात ज्या खोलीत हा सराव कराल तिथे एकही काडतूस नको. ती दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा, सिलिंडर उघडून सगळी घरे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, आणि नेम अशा पक्क्या भिंतीवर धरा जिच्या पलीकडे कोणी वावरत नाही. सिलिंडरमध्ये डमी, म्हणजे दारू नसलेली नकली, काडतुसे घालणे चांगले, म्हणजे घोड्याची सुई कोरडी आदळत नाही. पुढच्या माशीमागे नळीवर एक नाणे ठेवून चाप ओढायचा आणि नाणे पडू द्यायचे नाही, हा जुना व्यायाम आजही तितकाच उपयोगी आहे. रोज दहा मिनिटे केलात तर काही आठवड्यांत बोट आणि पंजा वेगवेगळे काम करायला शिकतात. ‘निडर’सारखे ०.२२ बोअरचे शस्त्र असलेल्या कुणी हे वाचत असेल, तर त्यांनी डमीशिवाय असा सराव करू नये, कारण त्या बोअरमध्ये सुई काडतुसाच्या कडेवर आदळते आणि घर रिकामे असल्यास सिलिंडरच्या धातूवर.

त्यानंतर रेंजवर जाल तेव्हा बरोबरच्या व्यक्तीला सिलिंडर भरायला सांगा. सहा घरांपैकी तीनमध्ये जिवंत काडतुसे आणि तीनमध्ये रिकाम्या पुंगळ्या (उडवलेल्या काडतुसांची कवचे), कोणत्याही क्रमाने, तुम्हाला न सांगता. तुम्ही प्रत्येक वेळी बार होणार असेच समजून चाप ओढायचा. रिकाम्या पुंगळीवर घोडा पडतो आणि बार होत नाही, तेव्हा नळीचे तोंड चांगले दोन बोटे खाली झुकलेले तुमचे तुम्हाला दिसते. तोवर कितीही समजावले तरी माणसाला पटत नाही की हात त्याचाच हलला. एकदा डोळ्यांनी दिसले की पुढच्या काही फेऱ्यांत ते झुकणे आपोआप कमी होऊ लागते. आखूड नळीच्या हलक्या शस्त्राने एका बैठकीत वीस-तीसपेक्षा जास्त बार करू नयेत. हात दुखू लागल्यावर केलेला प्रत्येक बार भीतीचाच सराव असतो. शेवट नेहमी पाच-सहा बिनबाराच्या ओढींनी करा. रायफल क्लबमध्ये एअर पिस्तूल मिळत असेल तर आधी काही दिवस त्यावर हात बसवणे सर्वांत उत्तम, कारण त्यात धक्का नावालाच असतो आणि नेमाची चूक लपत नाही. तुमच्या शस्त्राचा खरा उपयोग तीन ते सात मीटरच्या अंतरात आहे, म्हणून सरावही तेवढ्याच अंतरावर करा.

शेतात, विहिरीच्या काठी किंवा नाल्यात निशाण लावून सराव करू नये. आपल्याकडे वावर मोकळे दिसते, पण बाभळीच्या आड गुराखी असतो, तुरीत निंदणाऱ्या बाया वाकलेल्या असतात, आणि ०.३२ची गोळी दगडावरून उसळून कुठे जाईल ते सांगता येत नाही; मोकळ्या हवेत ती किलोमीटरभर सहज जाते. लग्न-वरातीतल्या हवेतल्या बाराबद्दल तर २०१९च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

काडतुसांविषयी थोडक्यात. परवान्यावर लिहिलेल्या संख्येतच ती घ्या आणि रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवा, पुढच्या खरेदीला हिशोब विचारला जाऊ शकतो. वर्षानुवर्षे तीच सहा काडतुसे सिलिंडरमध्ये ठेवून फिरणारे लोक मी पाहतो. घाम, तेल आणि दमट हवा यांनी ती दगा देतात, म्हणून वर्षाकाठी ती रेंजवर उडवून नवी भरा. चाप ओढूनही बार झाला नाही तर रेंजवर शस्त्र अर्धा मिनिट तरी निशाणाकडेच धरून ठेवा, कारण कधीकधी दारू उशिरा पेटते. बार नेहमीपेक्षा फुसका वाटला तर पुढचा बार करू नका. गोळी नळीत अडकली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी गोळी मारल्यास नळी फुटते. हलक्या शस्त्रात आणखी एक गोष्ट घडू शकते: धक्क्याने शस्त्र झपकन मागे येते आणि बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या पुंगळीतून किंचित पुढे सरकतात. ०.३२मध्ये हे क्वचित होते, तरीही चार बार झाल्यावर सिलिंडर उघडून उरलेल्या दोन काडतुसांची लांबी नजरेने तपासण्याची सवय चांगली.

आता पर्सचा प्रश्न. माझे उत्तर नाही असे आहे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी असे शस्त्र होल्स्टरमध्ये (शस्त्राच्या म्यानात) किंवा तशा बंद साधनात, पूर्ण झाकलेले आणि तुमच्या प्रत्यक्ष ताब्यात असले पाहिजे. पर्स दुकानात खुर्चीला अडकते, घरी खाटेवर पडते, नातवंडे त्यात चॉकलेट शोधतात, आणि रोकड हिसकावणारा माणूस पहिल्यांदा पर्सच ओढतो. म्हणजे ज्या प्रसंगासाठी शस्त्र घेतले, त्याच प्रसंगात ते त्याच्या हातात जाते. शिवाय किल्ल्या, पेन, नाणी यांच्यात मोकळे पडलेले रिव्हॉल्व्हर हा स्वतंत्र धोका आहे, कारण चापाच्या कडीत एखादी किल्ली शिरू शकते.

बायकांच्या कपड्यांना पट्टा नसतो, ही अडचण खरी आहे आणि होल्स्टर बनवणारे तिचा विचार करत नाहीत. पंजाबी ड्रेसवर कुर्त्याच्या आत रुंद, घट्ट विणीचा कमरपट्टा बांधून त्यावर ताठ चामड्याचे होल्स्टर शिवून घेतले तर ते बेंबीच्या थोडे उजवीकडे छान बसते. साडी नेसत असाल तर परकराच्या नाडीचा भरवसा धरू नका. वेगळा पट्टा हवाच. होल्स्टर तुमच्याच शस्त्राच्या मापाचे असावे, चापाची कडी पूर्ण झाकणारे असावे आणि वर बटणाची पट्टी असावी. ते शिवून घेण्याआधी रिकामे शस्त्र घालून स्कूटरवर बसून पाहा, खाली वाका, पोत्यावर बसा, मग ठरवा. शस्त्र पाठीच्या कण्यावर येईल असे कधीच बांधू नका. पांदण रस्त्यावर गाडी घसरली तर ते थेट मणक्यात रुतते.

घोड्याखालच्या घराचाही निर्णय घ्यावा लागतो. घोड्याची सुई आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर येण्याची यंत्रणा शस्त्रात असेल तर सर्व घरे भरायला हरकत नाही. जुन्या धाटणीच्या शस्त्रात ती नसल्यास, पडल्यावर बार होऊ शकतो. जाणकार कारागिराने शस्त्र उघडून खात्री दिल्याशिवाय घोड्याखालचे घर रिकामे ठेवा. पाच काडतुसांवर भागते.

विदर्भाचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि अंगाला टेकलेले शस्त्र घामाने दिवसातून कैकदा भिजते. सांगाडा टायटॅनियमचा असला तरी नळी, सिलिंडर, स्क्रू आणि स्प्रिंगा पोलादाच्याच असतात. संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा नुसता हात फिरवा, काडतुसांना मात्र तेल लागू देऊ नका. रात्री शस्त्र होल्स्टरमध्ये ठेवू नका, कारण चामडे ओल धरते. पावसाळ्यात तर आठवडाभरात गंजाचे ठिपके दिसू लागतात. शस्त्र लोखंडी कपाटात कुलपात, आणि काडतुसे वेगळ्या कप्प्यात. गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डमध्ये शस्त्र सोडून आठवडी बाजारात जाऊ नये.

शेताकडे वाघ किंवा रानडुक्कर दिसते म्हणून हे उपयोगी पडेल का, असे तुम्ही विचारलेले नाही. पण आपल्याकडे प्रत्येक जण कधीतरी विचारतोच, म्हणून लिहितो. पडणार नाही. चिडलेल्या डुकराला ०.३२ची गोळी थांबवत नाही, उलट जखमी जनावर अधिक घातक होते, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ तर आहेच. पिकाच्या नुकसानीसाठी वनखात्याकडे अर्ज करावा.

राहिला शस्त्र बदलण्याचा प्रश्न. पावसाळा संपेपर्यंत वर सांगितल्याप्रमाणे सराव करा आणि मग पुन्हा पाच मीटरवर, घोडा न चढवता, पाच-पाच गोळ्यांचे चार कागद मारा. चारही कागदांवर गोळ्या जेवणाच्या ताटलीच्या आत राहिल्या आणि हात दुखला नाही, तर आहे तेच शस्त्र ठेवा. ते रोज अंगावर राहील एवढे हलके आहे, आणि घरी कपाटात राहणाऱ्या जड शस्त्राचा उपयोग नसतो. तसे झाले नाही, तर ओळखीच्या परवानाधारकाचे ७०० ग्रॅमच्या आसपासचे ०.३२ रिव्हॉल्व्हर रेंजवर त्यांच्या उपस्थितीत, रेंजच्या नियमांप्रमाणे चालवून पाहा. कानपूरच्याच ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया कंपनीने २०२३ मध्ये आणलेले ‘प्रबल’ त्याच वजनाचे आहे, नळी ७६ मिलिमीटरची आहे आणि सिलिंडर बाजूला उघडतो. खरेदीपूर्वी दोन गोष्टी मात्र स्वतःच्या हाताने तपासा: चाप ओढताना बोट पूर्ण पोचते का, आणि तेवढे वजन कमरपट्ट्यावर दिवसभर पेलते का. दोन्हींची उत्तरे होकारार्थी आली तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विक्रीची आणि बदलाची रीतसर सूचना आधी द्या, मंजुरीची नोंद परवान्यावर घ्या, आणि त्यानंतरच जुने शस्त्र परवानाधारक विक्रेत्याच्या हवाली करा.